घरच्या घरी लोहारकाम : हाताने बांधलेली भट्टी, ऐरण आणि शेडची मांडणी

निखारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ धायरीत आमचे जुने बैठे घर आहे आणि त्याच्या मागच्या अंगणात तीन बाजूंनी उघडी, बारा फूट बाय दहा फुटांची पत्र्याची शेड रिकामी पडून आहे. तिथे लोहारकामाचा एक कोपरा मांडावा असे मनात आहे. धंदा करायचा नाही. भिंतीवरचे आकडे, दाराच्या कड्या, बागेसाठी खुरपी आणि हात बसल्यावर स्वयंपाकघरातली एखादी सुरी, एवढाच आवाका. वेल्डिंग, ग्राइंडर आणि ड्रिल यांची मला सवय आहे. लोखंड तापवून ठोकण्याचा अनुभव मात्र इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये जे काही करून दिले होते तेवढाच.

वाचून-पाहून जो आराखडा तयार झाला आहे तो असा : पत्र्याच्या नळकांड्याला आतून सेरॅमिक फायबर ब्लँकेट (उष्णता अडवणाऱ्या तंतूंची गादी) लावून गॅसची भट्टी करायची, रेल्वेच्या रुळाचा फूटभर तुकडा जुन्या बाजारातून आणून त्याची ऐरण करायची आणि ट्रकच्या जुन्या कमान पाट्यांपासून (लीफ स्प्रिंग) हत्यारे घडवायची. यातले काय ठेवावे, काय सोडावे आणि पैसे आधी कशावर घालावेत, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत, हेही लक्षात घ्यावे.

तप्तलोह

फोर्जिंगच्या कारखान्यात हयात गेल्यामुळे थोडे अधिकारवाणीने लिहितो, राग मानू नये. तुमच्या आराखड्यात भट्टीला पहिला मान आहे आणि ऐरणीला दुसरा. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. लोखंड ९०० अंश सेल्सिअसपर्यंत नेणे फारसे अवघड नाही. मातीच्या खड्ड्यात कोळसा आणि वारा असला की ते होते, आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसेच होत आले आहे. घावाची ताकद लोखंडात किती उतरते हे मात्र लोखंडाखाली काय आहे यावर ठरते. ऐरण हलकी किंवा डगमगती असेल तर निम्मी मेहनत ती खाऊन टाकते आणि नवशिक्याला उगाच वाटते की आपल्याच मनगटात जोर नाही.

म्हणून पहिली भट्टी मातीची आणि लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाची करा. एखादा जुना पत्र्याचा टब घ्या, तो मातीने भरा, मधोमध वीत-दीड वीत लांब, चार-पाच इंच रुंद आणि तितकाच खोल चर ठेवा आणि त्याच्या एका कुशीतून, तळापासून दीड-दोन इंच वर, एक इंची लोखंडी नळी आत आणा. नळी काळ्या लोखंडाची घ्या, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप नको; त्याचे कारण कोणीतरी पुढे लिहीलच. वाऱ्यासाठी विजेच्या मोठ्या ब्लोअरची गरज नाही. खडकवासल्याला कणीसवाल्यांकडे असतो तसा हाताने फिरवायचा पंखा, जरा मोठ्या आकाराचा, पुरतो. हाताने वारा घालण्याचा फायदा असा की हात थांबला की आगही दमते, त्यामुळे लोखंड विसरून जळण्याची शक्यता कमी होते.

आता खरी गोम. नवशिका लोखंड नेमके नळीच्या तोंडासमोर धरतो, कारण उजेड तिथे सर्वांत जास्त दिसतो. तिथला वारा अजून प्राणवायूने भरलेला असतो, तो लोखंडालाच खातो, जाड पापुद्रे सुटतात आणि बारीक सळईचे टोक ठिणग्या उडवत जळून जाते. नळी आणि लोखंड यांच्यामध्ये पेटत्या निखाऱ्यांचा तीन-चार इंचांचा थर असला, तर वारा लोखंडापर्यंत पोहोचेतो त्यातला प्राणवायू कोळशानेच संपवलेला असतो. तेव्हा चर कोळशाने शिगोशीग भरा, वर ढीग ठेवा, लोखंड त्यात आडवे सरकवा आणि त्याच्यावरही निखारे ओढून घ्या. कोळसा आधीच सुपारी ते लिंबू या मापाचा फोडून, चाळून भुकटी वेगळी काढावी. भुकटी वारा अडवते आणि उडते.

फिटर

तप्तलोह काकांशी आदरपूर्वक असहमत आहे. लोणारी कोळसा पेटताना ठिणग्यांची कारंजी उडतात, राख शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि दगडी कोळसा आणला तर धुराने आळी गोळा होईल. फाउंड्रीचा हार्ड कोक धूर करत नाही, पण तो पेटवायला अवघड असतो आणि अखंड वारा नसेल तर विझतो. भिंतीला भिंत लागून घर असलेल्या माणसाला गॅस हाच मार्ग सोयीचा आहे, फक्त तो नीट बांधला पाहिजे.

घरच्या शेगडीचा रेग्युलेटर गॅस सुमारे ३० मिलिबार दाबाने सोडतो. व्हेंचुरी बर्नरला, म्हणजे ज्यात गॅसचा झोत स्वतःच हवा ओढून घेतो त्याला, याच्या दहा ते वीस पट दाब लागतो. त्यामुळे कमी-जास्त करता येणारा उच्च दाबाचा रेग्युलेटर, त्या दाबाला योग्य अशी नळी, बर्नरजवळ पाव फेऱ्यात बंद होणारी झडप आणि रेग्युलेटरपाशी आग मागे येऊ न देणारा अरेस्टर, या चार वस्तूंत काटकसर करू नये. बर्नर पाऊण इंची पाइप फिटिंगपासून बनतो. गॅसचे छिद्र म्हणून मिग वेल्डिंगची ०.८ किंवा ०.९ मिलिमीटरची टिप चालते, मात्र ती नळीच्या बरोबर मध्यावर आणि सरळ बसली पाहिजे. बर्नर भडभडतो, मागे पेटतो अशा तक्रारी येतात तेव्हा दोष बहुधा इथेच सापडतो.

पाऊण इंची एक बर्नर साधारण साडेपाच लिटर पोकळी तापवतो. १५ सेंटिमीटर व्यास आणि ३० सेंटिमीटर लांबी घेतली तर पोकळी ५.३ लिटर होते, म्हणजे एका बर्नरला अगदी बेताची. पहिली भट्टी याहून मोठी करण्याचा मोह टाळावा, कारण लोखंड तापायचे चार-सहा इंच असते आणि गॅस मात्र सगळी पोकळी खाते. आतून २५ मिलिमीटर जाडीच्या ब्लँकेटचे दोन थर लावायचे म्हणजे बाहेरचे नळकांडे २७-२८ सेंटिमीटरचे लागेल. ते फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा वळवून घ्या. रिकामा सिलिंडर कापून भट्टी करण्याचे व्हिडिओ दिसतात. तो उद्योग करू नका. आत राहिलेला वायू ग्राइंडरच्या ठिणगीने फुटतो आणि सिलिंडर मुळात आपल्या मालकीचाही नसतो.

ब्लँकेट १२६० अंशांचे म्हणून मिळते, पण ते उघडे ठेवू नये. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत, आणि बराच काळ उच्च तापमानात राहिल्यावर ते ठिसूळ होऊन त्यांची धूळ अधिकच वाईट होते. कापताना आणि बसवताना चांगल्या प्रतीचा मास्क लावा, ब्लँकेटवर कोलॉइडल सिलिका (सिलिकाचे बारीक कण असलेला द्रव) शिंपडून ते कडक करा आणि त्यावर उच्च-अॅल्युमिना कास्टेबलचा (पाण्यात कालवून लावायचे आगरोधक सिमेंट) बोटाच्या पेराहून थोडा कमी जाडीचा थर द्या. थर दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावा, मग मंद आचेवर थोडा थोडा वेळ भट्टी पेटवून ओल काढावी. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ थर उडवून लावते. तळाला फायर ब्रिकचा पातळ तुकडा ठेवला की लोखंड सांधताना लावतात तो टाकणखार सांडला तरी ब्लँकेट वाचते. बाजारात विटा मागताना काय हवे ते नेमके सांगा : आयएस-८ची जड वीट तापायला वेळ घेते पण मार सोसते, आणि हॉट फेस इन्सुलेशनची हलकी वीट लगेच तापते, हॅक्सॉने कापता येते, पण ठोकर लागली की तुकडे होतात. दार म्हणून हलकी वीट उत्तम.

नियमपाळ

तांत्रिक बाजू जाणकार सांगत आहेत. मी कायद्यापुरते लिहितो.

स्वयंपाकासाठी दिलेला १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर भट्टीला वापरता येत नाही. २००० सालच्या एलपीजी पुरवठा आणि वितरण आदेशाप्रमाणे तो घरगुती स्वयंपाकापुरताच आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर स्वतंत्र नोंदणी करून घ्यावा.

रुळाबद्दल अधिक गांभीर्याने सांगतो. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे रुळाचे तुकडे कधी दिसतातही; परंतु रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ असा आहे की चोरीचा संशय घेण्याजोगी रेल्वेची वस्तू तुमच्या ताब्यात सापडली तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्हालाच दाखवावे लागते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते. त्या लिलावाचा माग लागणारे बिल विक्रेत्याकडे असेल तरच तुकडा घ्यावा, नाहीतर त्याकडे पाहूही नये.

आवाजाचे म्हणाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ऐरणीचा ठणठणाट ती सहज ओलांडतो. पुण्याच्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत, सगळेच ठोकत असल्यामुळे तक्रार कोणी कोणाची करायची हा प्रश्न होता. धायरीत तो नाही. शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगावे आणि त्यांनी सांगितलेली वेळ पाळावी.

सुरीची हौस आहे म्हणून हेही नोंदवतो : शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे हत्यार परवान्याच्या कक्षेत येते. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. खुरपे, विळा, भाजीची सुरी घडवा. तलवार, खंजीर यांच्या वाटेला जाऊ नका.

निखारा

सर्वांचे आभार. रुळाचा विचार इथेच सोडतो. पण मग ऐरण कशाची करावी? हार्डवेअरच्या दुकानात बिडाची छोटी ऐरण दिसली, रंग देऊन चकचकीत केलेली. ती चालेल का?

तप्तलोह

बिडाची मुळीच नको. बीड ठिसूळ असते, कड उडते, आणि घाव घातल्यावर हातोडा उसळी न घेता तिथेच बसतो. हातोडा परत वर यायला ऐरणीनेच मदत केली पाहिजे, नाहीतर तासाभरात खांदा भरून येतो. कुठलीही ऐरण पारखायची सोपी रीत अशी की बेअरिंगमधली पोलादी गोळी वीतभर उंचीवरून तिच्यावर सोडावी. चांगल्या पोलादावर गोळी बहुतेक उंची परत गाठते, मऊ लोखंडावर निम्म्यावर येते आणि बिडावर मेल्यासारखी पडते.

शिंगाची, शेपटाची, चित्रातल्यासारखी ऐरण हवीच असे नाही. भोसरी-चिंचवडच्या भंगारवाल्यांकडे मोठ्या शाफ्टचे करवतीने कापलेले गोल तुकडे मिळतात. सहा इंच व्यासाचा आणि फूटभर उंचीचा पोलादी तुकडा ४३ किलोच्या आसपास भरतो. तो उभा ठेवला की सगळे वजन थेट घावाखाली येते. तुलनेसाठी सांगतो, ६० किलोचा म्हणून जो रूळ ओळखला जातो तो मीटरला ६० किलो भरतो, म्हणजे फूटभर तुकडा अवघा १८ किलोचा. शिवाय आडवा ठेवला तर त्याची मधली पट्टी पातळ असल्याने तो घावाखाली लवतो. म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी रूळ हा काही आदर्श पर्याय नव्हता. तुकडा घेताना तो ईएन-८ किंवा ईएन-१९ या प्रतीच्या पोलादाचा असल्याची खात्री झाली तर फारच छान, नाहीतर गोळी टाकून पाहा. वरचा चेहरा ग्राइंडरने सपाट करा आणि कड चारही दिशांना सारखी धारदार ठेवू नका. अर्ध्या परिघाला तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या, उरलेल्या भागाला जेमतेम. धारदार कडेवर वाकवलेल्या लोखंडात चीर पडते.

खाली बाभळीचा ओंडका घ्या, त्यात तुकड्याच्या मापाची दोन-तीन इंच खोल खाच कोरा आणि ऐरण तिच्यात ठोकून बसवा. उभे राहून हात सरळ खाली सोडल्यावर मुठीची बोटे जिथे टेकतात तिथे ऐरणीचा माथा यावा. ओंडका शहाबादी फरशीवर ठेवू नका, फरशी तडकेल आणि आवाजही दुप्पट होईल. जमिनीत वीतभर पुरून भोवती वाळू ठासा. ऐरणीच्या कुशीला एखादे जाड चुंबक चिकटवले तर तिचा नाद बराच मरतो, आणि शेजाऱ्यांचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

छिन्नी

मी धातूची शिल्पे करते आणि माझी शेड तुमच्यापेक्षा लहान आहे, म्हणून मांडणीबद्दल चार गोष्टी.

भट्टी, ऐरण आणि पाण्याची बादली हा त्रिकोण असा ठेवा की एक पाऊल वळून दीड पाऊल टाकले की काम व्हावे. लाल लोखंडाला आठ-दहा सेकंदांचाच उपयोगी वेळ असतो, त्यातला निम्मा चालण्यात घालवायचा नाही. मात्र ऐरण आणि भट्टी यांच्या मधली वाट कायम मोकळी हवी. वायर नाही, खुर्ची नाही, मांजर नाही. वाइस ओंडक्यापासून दूर, भिंतीच्या खांबाला घट्ट बांधा.

शेडमध्ये थेट ऊन येत असेल तर त्या बाजूला जुनी ताडपत्री नव्हे, पत्राच लावा. उन्हात मंद लाल लोखंडही काळे दिसते आणि हात लागतो. काळे लोखंड हे लाल लोखंडापेक्षा धोक्याचे, कारण ४०० अंशांवरही ते निरुपद्रवी दिसते. जमिनीवर ठेवलेली कुठलीही वस्तू उचलण्याआधी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन अदमास घ्यायची सवय लावा.

जीआय पाइपचा विषय काकांनी अर्धवट सोडला होता. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, म्हणजे लोहाराच्या रोजच्या आचेत त्याची वाफ होते. पांढरा धूर दिसतो, तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि जास्त गेला तर प्रकरण इस्पितळापर्यंत जाते. भंगारातल्या चकचकीत करड्या वस्तू, जुन्या बादल्या, कुंपणाच्या तारा, मुलामा दिलेले नटबोल्ट, यांतले काहीही भट्टीत टाकू नका. दोन्ही टोके बंद असलेली पोकळ नळीही कधी तापवू नका, ती फुटते.

कपडे सुती घालावेत. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. जीन्सचे पाय बुटांच्या आत नव्हे, बाहेरून खाली सोडावेत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोंडे पहिल्या घावापासून. हातोड्याच्या हातात मोजा घालू नये, पकड सैल होते. जवळ वाळूची बादली आणि एबीसी प्रकारचे अग्निशामक ठेवा, आणि काम संपल्यावर किमान तासभर शेड सोडून जाऊ नका. तीन बाजू उघड्या आहेत हे तुमचे भाग्य समजा. पावसाळ्यात त्या ताडपत्रीने बंद करून आत भट्टी पेटवायची बुद्धी होईल, ती होऊ देऊ नका. गॅस असो वा कोळसा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडर उभा, शेडच्या बाहेर आणि उताराच्या वरच्या अंगाला नव्हे तर बाजूला ठेवा. प्रत्येक वेळी जोडांना साबणाचे पाणी लावून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

नीरेकाठ

आमच्या भोरकडे लोहारकाम अजून नेटाने चालते, तिथले पाहिलेले सांगतो. मातीची भट्टी करायची असेल तर अंगणातली काळी माती भरू नका. ती ओली असताना फुगते आणि सुकताना बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्या भेगांतून वारा भलतीकडेच निघून जातो. चिकणमातीत चाळलेली वाळू आणि राख मिसळा, वाळूचे प्रमाण मातीपेक्षा जास्त ठेवा, आणि मूठ दाबल्यावर गोळा राहील पण हाताला चिकटणार नाही इतकेच पाणी घाला. नळीच्या तोंडाभोवतीचा भाग लवकर जळतो. तो दर काही दिवसांनी लिंपावाच लागतो, त्याला दोष समजू नये.

कोळसा वेड्या बाभळीचा मिळाला तर उत्तम, तो जड असतो आणि टिकतो. पोत्यात ओल आहे का हे आधी पाहा. तंदूरवाल्या हॉटेलांना पुरवणारे वखारवाले तोच माल ठेवतात.

आणखी एक. पुण्याच्या आसपास रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेली घिसाडी कुटुंबे तुम्ही पाहिली असतील. बाई घण मारते, पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो. तिथे तासभर बसून पाहावे, हवे ते खुरपे समोर करून घ्यावे, सांगतील ते दाम घासाघीस न करता द्यावे, आणि मग विचारावे. घणाचा घाव कुठे पडावा हे लहान हातोडीने ऐरणीवर टिचकी मारून कसे सांगितले जाते, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. फोटो काढायचा असल्यास आधी परवानगी घ्यावी.

धातुवर्ग

मी धातुशास्त्र शिकवते, तेव्हा पोलादापुरते माझे. सुरुवातीचे सर्व काम साध्या माइल्ड स्टीलच्या १० किंवा १२ मिलिमीटर चौकोनी सळईवर करावे. दोन-अडीच फूट लांब तुकडा घेतला की टोक लाल असताना दुसरे टोक हातात धरता येते, सांडशी लागत नाही. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून सगळे तीच घेतात. सरावाला हरकत नाही, पण तिच्यात कार्बन कमी असल्यामुळे ती पाणी घेत नाही, म्हणजे तापवून एकदम निववली तरी कडक होत नाही, आणि तिची सुरी होत नाही.

रंगांची ओळख हाच अभ्यासाचा गाभा आहे. ६५० अंशांच्या आसपास मंद लाल, ८०० च्या आसपास गडद चेरीसारखा लाल, ९५० ला नारिंगी, ११०० च्या पुढे पिवळा. ठोकायचे ते नारिंगी-पिवळ्यात. लाली विझत आली की हातोडा थांबलाच पाहिजे, विशेषतः कार्बन जास्त असलेल्या पोलादात, नाहीतर आत बारीक चिरा पडतात ज्या पुढे पाणी देताना उघड्या होतात.

कमान पाट्याचे पोलाद सुरीला चांगले आहे. त्यात साधारण अर्धा ते ०.६ टक्का कार्बन असतो. अडचण अशी की ट्रकखाली वर्षानुवर्षे लवलेल्या पाट्यात थकव्याच्या चिरा दडलेल्या असू शकतात. नाना पेठेत किंवा हायवेलगत पाटे दुरुस्त करणाऱ्यांकडे नव्या पाट्याचे कापून उरलेले तुकडे असतात, ते मागावेत. अनोळखी लोखंड ग्राइंडरवर धरून ठिणगी पाहावी : माइल्ड स्टीलची ठिणगी लांब आणि सरळ जाते, कार्बन वाढला की ती फुलबाजीसारखी फुटते, आणि बिडाची आखूड, लालसर पडते.

पाणी देण्याबाबत. पाते घडवून झाले की तीनदा लाल करून हवेत निवू द्यावे, म्हणजे ठोकताना आलेला ताण निघतो. मग पुन्हा तापवत असताना चुंबक लावत राहावे. लोखंड ७७० अंशांना चुंबक सोडते. कमान पाट्याला त्याच्यावर आणखी थोडी लाली चढू द्यावी आणि मग पाते टोकाकडून सरळ तेलात उतरवावे, तिरके नाही. पाण्यात बुडवू नये, हे पोलाद पाण्यात तडकते. तेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून घ्यावे. कोमट तेल पातळ होते आणि उष्णता लवकर ओढते. कानस पात्यावरून घसरली तर पाणी चढले. या अवस्थेतले पाते काचेइतके ठिसूळ असते, ते त्याच दिवशी घरच्या ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा ठेवून नरमवावे. ओटीजीच्या काट्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. घासून चकचकीत केलेल्या भागावर गवती पिवळा रंग आला की पुरे. जांभळा-निळा आला तर स्प्रिंगला योग्य, सुरीला नाही.

फिटर

तेल म्हणून गॅरेजमधले काळे इंजिन ऑइल फुकट मिळते, आमच्याकडे सगळे तेच वापरतात.

धातुवर्ग

कृपया वापरू नका. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि इंजिनातली घाण असते आणि लाल पाते बुडवताच त्याचा धूर थेट तुमच्या तोंडावर येतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल पुरेसे आहे. भांडे मात्र उभे, लोखंडी आणि घट्ट झाकणाचे हवे, कारण तेल पेटले तर झाकण हाच उपाय. पेटत्या तेलावर पाणी टाकलेत तर भडका छताला लागेल.

निखारा

एवढ्या चर्चेनंतर क्रम असा ठरवला आहे. पहिला खर्च शाफ्टच्या तुकड्यावर आणि बाभळीच्या ओंडक्यावर. त्यानंतर एक किलोची हातोडी, चष्मा, अग्निशामक आणि माइल्ड स्टीलच्या सळया. भट्टी तूर्त मातीची, कोळसा चाळून घेऊन, आणि शेजाऱ्यांच्या कपड्यांसाठी सकाळी दहाच्या आधी पेटवायची नाही असे दोन्ही घरांशी बोलून ठरले आहे. उजवीकडच्या काकूंनी बदल्यात झोपाळ्याच्या कड्या मागितल्या आहेत. गॅसची भट्टी फिटर यांच्या मापाने करायची, पण हात रंग ओळखू लागल्यावर. सुरी त्याच्याही नंतर.

एक शंका उरते. गॅसची भट्टी बांधून झाल्यावर जून ते सप्टेंबर ती न वापरता ठेवावी लागली तर काय काळजी घ्यावी?

फिटर

भट्टी शेडच्या मागच्या भिंतीपाशी, जमिनीपासून वर, प्लास्टिकने पूर्ण न गुंडाळता ठेवा; गुंडाळली की आत दमट हवा कोंडते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना अस्तराने ओल धरली आहे असेच समजून मंद आचेवर अर्धा तास चालवा. आणि बर्नर काढून त्याची दोन्ही तोंडे कापडाने बांधून घरात ठेवा. कुंभारमाशीला पाऊण इंची नळी फार आवडते. ती आत मातीचे घर करते, कोळी जाळे विणतात, हवा अडते, आणि मग बर्नर मागे पेटला की माणूस रेग्युलेटर बदलत बसतो. पेटवण्याआधी नळीतून उजेड आरपार दिसतो का ते पाहा आणि टिपच्या छिद्रातून बारीक तार फिरवून घ्या.